इंदूरला आयटी कंपन्या आणायच्या तर आधी काय: सवलती की माणसं?

प्रश्न असा आहे: “मी इंदूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. सरकार आयटी कंपन्यांना जमीन देतं, अनुदान देतं, परिषदा भरवतं. आमच्याकडून दरवर्षी शेकडो मुलं पास होतात. तरी चांगली मुलं पुण्या-बंगळूरलाच जातात. मोठ्या कंपन्या इथे याव्यात म्हणून सरकारने सवलती आणखी वाढवाव्यात, की आम्ही मुलं आणखी चांगली तयार करावीत?”

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. तेवीस वर्षं या धंद्यात काढली. पहिली आठ पुण्यात, हिंजवडीला. मग इंदूरला परत येऊन एका परदेशी कंपनीचं सेंटर उभं केलं, सहा वर्षं चालवलं. गेली नऊ वर्षं नवीन सेंटरसाठी शहर शोधायला निघालेल्या कंपन्यांबरोबर फिरतो, आणि सेंटर निघालं की त्यांच्या सवलतींच्या फायलीही मीच लावतो. म्हणजे सवलतींवर माझी चूल पेटते म्हटलं तरी चालेल. तरीही सांगतो, सवलत बघून कंपनी शहरात येत नाही. आणि राग मानू नका, पण तुमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडे बघूनही येत नाही. ती बघते आठ-दहा वर्षं काम केलेली माणसं त्या शहरात किती आहेत ते. आपल्याकडे नेमकी तीच कमी आहेत.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतली एक मधल्या आकाराची विमा कंपनी, भारतात पहिलंच सेंटर काढायचं, यादीत इंदूर, कोइमतूर आणि विशाखापट्टणम. तिघे जण सकाळच्या विमानाने उतरले. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलबी झाली, पोह्यावरचा मसाला, जिरावण, कशाचा करतात यावर पाच मिनिटं चर्चाही झाली, आणि आम्ही सुपर कॉरिडॉरकडे, म्हणजे आयटी कंपन्यांना जमीन दिलेल्या रस्त्याकडे निघालो. मी पुढच्या सीटवरून मेट्रोचे खांब दाखवतोय, टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस दाखवतोय. त्यांच्या भरतीप्रमुख बाई मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

नोकरीच्या पोर्टलवर रिक्रूटरचं खातं उघडून त्यांनी अनुभव आठ ते बारा वर्षं, सध्याचं ठिकाण इंदूर आणि त्यांना हवं ते काम, म्हणजे मोठी डेटा सिस्टिम सांभाळलेले आणि टीम चालवलेले लोक, एवढं टाकलं. सत्तरएक नावं आली. बाईंचा हिशेब तोंडपाठ होता: यातले निम्मे नोकरी बदलायच्या मनःस्थितीत नसतात, उरलेल्यांतले निम्मे मुलाखतीत गळतात, आणि जे उरतात त्यांतले काही ऑफर घेऊन तीच आपल्या जुन्या कंपनीला दाखवून पगार वाढवून घेतात. हाती किती लागणार? दहा-बारा. मग त्यांनी ठिकाणाची चौकट रिकामी केली आणि शिक्षणाच्या चौकटीत इथल्या चार-पाच कॉलेजांची नावं घातली. एसजीएसआयटीएस, देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी वगैरे. आता हजाराच्या वर नावं निघाली, पानंच्या पानं. ठिकाण पुणे, बंगळूर, हैदराबाद, नोएडा, परत पुणे. बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, “यातले किती परत येतील?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि राज्याचं धोरण, त्याची चकचकीत पुस्तिका, दुपारी झालेलं सादरीकरण, यात कुठेही ते नव्हतं. सेंटर कोइमतूरला गेलं.

आठ-दहा वर्षांवाल्यांचं एवढं काय, तेही सांगतो. शंभर माणसांचं सेंटर म्हणजे वर एक प्रमुख, चार-पाच मॅनेजर, पंधरा-वीस लीड आणि आर्किटेक्ट, बाकी तीन-चार वर्षांचे, आणि सगळ्यात खाली फ्रेशर, म्हणजे नुकते पास झालेले. ही उतरंड कागदावर खालून रचल्यासारखी दिसते, पण भरती वरून होते. आधी ती पंचवीस माणसं लागतात. परदेशातल्या टीमकडून काम समजून घ्यायचं, ते इथे आणायचं, चुकलं तर रात्री अकराला फोन उचलायचा, हे सगळं त्यांच्या जिवावर चालतं. फ्रेशर लागतात साधारण दीड वर्षानंतर, जेव्हा शिकवायला कुणीतरी जागेवर असतं. शिवाय फ्रेशर कुठेही जायला तयार असतो. बॅग भरली, तीन इमलीवरून रात्रीची स्लीपर बस धरली, सकाळी पुण्यात. त्याच्यासाठी कंपनीला इंदूरला यायची गरजच काय? तो स्वतःच कंपनीकडे जातो. पस्तिशीच्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या पाठीवर घराचा हप्ता, मुलाची शाळा आणि बायकोची नोकरी असते.

सध्या चढाओढ मुख्यतः ज्यांच्यासाठी आहे ती ग्लोबल केपेबिलिटी सेंटर, म्हणजे जीसीसी. परदेशी कंपनीचं स्वतःचं केंद्र. काम बाहेर न देता आपल्याच माणसांकडून करून घेणारं. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या २०२४ च्या पाहणीत देशात अशी १७०० हून जास्त केंद्रं आणि त्यांत १९ लाख लोक होते. त्यांतली बहुतेक पाच-सहा महानगरांत. कर्नाटकाने त्याच वर्षी जीसीसीसाठी वेगळं धोरण आणलं, २०२९ पर्यंत आणखी ५०० केंद्रं आणायचं ठरवलं. मध्य प्रदेशाचं जीसीसी धोरण फेब्रुवारी २०२५ मध्ये, भोपाळच्या गुंतवणूक परिषदेच्या वेळी आलं, आणि एप्रिलमध्ये इंदूरला ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटरमध्ये टेक कॉन्क्लेव्ह झाला. म्हणजे सरकार झोपलेलं आहे असं अजिबात नाही. खर्च कशावर होतो, हा माझा मुद्दा आहे.

एक सोपं गणित मांडतो. समजा दोनशे माणसांचं सेंटर आहे. सरासरी पगार वर्षाला बारा लाख धरला तर पगाराचं बिल झालं २४ कोटी. ऑफिसची सजावट, संगणक, सर्व्हर, केबल वगैरे माणशी अडीच लाख धरले तर भांडवली खर्च ५ कोटी, एकदाच. त्यावर सरकारने अगदी ४० टक्के अनुदान दिलं तरी झाले २ कोटी. म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. एवढ्यासाठी कुणी शहर बदलत नाही. उलट ती वरची माणसं मिळायला सहा महिने उशीर झाला, तर ज्या कामासाठी सेंटर काढलं ते काम सहा महिने अडतं आणि सेंटरप्रमुखाची नोकरी धोक्यात येते. तुम्ही त्याच्या जागी असतात तर दोन कोटींकडे बघितलं असतं की त्या सहा महिन्यांकडे?

हे आजचंच आहे असंही नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ साली बंगळूरला आली तेव्हा कुठल्याही राज्याकडे आयटी धोरण नावाची चीज नव्हती. त्या शहरात १९०९ पासूनची विज्ञान संस्था होती, विमानं बनवणारी एचएएल, संरक्षणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी बीईएल आणि इस्रो होती, आणि अशा ठिकाणी आयुष्याची दहा-पंधरा वर्षं घातलेले इंजिनिअर होते. नंतर १९९१ मध्ये एसटीपीआय, म्हणजे सॉफ्टवेअर निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था आली आणि आयकराच्या कलम १०अ खाली सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावर करमाफी मिळत राहिली, ती मार्च २०११ पर्यंत. आता गंमत बघा, ही सवलत देशभर सारखीच होती. इंदूरला होती, नागपूरला होती, ग्वाल्हेरला होती. तरी वाढले ते बंगळूर, हैदराबाद, पुणे आणि चेन्नईच. सगळीकडे सारखी सवलत दिल्यावर कोण कुठे जातं, याचा वीस वर्षांचा प्रयोगच आपल्या देशाने केलाय. त्याचा निकाल कुणी वाचत नाही, एवढंच.

हैदराबादचं उदाहरण देताना लोक सायबर टॉवर्सचं नाव घेतात. ती इमारत १९९८ ची. पण त्याच वर्षी तिथे ट्रिपल आयटी ही आयटीची शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि मायक्रोसॉफ्टचं केंद्रही त्याच वर्षीचं. इमारतीचा फोटो चांगला येतो, म्हणून ती लक्षात राहते.

अमेरिकेतली राज्यं या खेळात आपल्यापेक्षा जुनी आहेत, तेव्हा त्यांच्याकडचं थोडं सांगतो. अॅमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी शहरांकडून प्रस्ताव मागवले, २३८ आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये निवड झाली ती न्यूयॉर्क आणि व्हर्जिनिया यांची. न्यूयॉर्कने सुमारे ३ अब्ज डॉलरची सवलत देऊ केली होती. तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०१९ ला, कंपनीने काढता पाय घेतला. व्हर्जिनियाची रोख सवलत त्या मानाने बरीच लहान: पहिल्या २५ हजार नोकऱ्यांना सरासरी २२ हजार डॉलर, तेही नोकरी प्रत्यक्ष निर्माण झाल्यावर आणि पगाराची अट पाळली तर. त्यांनी मोठा पैसा दुसरीकडे घातला. राज्यातल्या विद्यापीठांतून वीस वर्षांत कॉम्प्युटर सायन्सच्या २५ हजारांहून अधिक जादा पदव्या बाहेर पडाव्यात म्हणून निधी, आणि अलेक्झांड्रियात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं नवं संकुल. पुढे २०२३ मध्ये अॅमेझॉनने तिथल्या बांधकामाचा दुसरा टप्पा थांबवला. ज्या नोकऱ्या झाल्याच नाहीत त्यांचे पैसे राज्याला द्यावे लागत नाहीत, आणि विद्यापीठांत वाढलेल्या जागा कुठल्याही कंपनीच्या उपयोगाच्या आहेत.

याच्या उलट विस्कॉन्सिन. २०१७ मध्ये फॉक्सकॉनला सुमारे ३ अब्ज डॉलर कबूल केले, बदल्यात १३ हजार नोकऱ्या. २०२१ मध्ये करार नव्याने लिहावा लागला: १४५४ नोकऱ्या, ८ कोटी डॉलर. मिशिगनमधल्या अपजॉन संस्थेचे टिमथी बार्टिक हे अर्थतज्ज्ञ याच विषयाचा अभ्यास करत आले आहेत. त्यांचा अंदाज असा, की सवलतीमुळे खरोखर निर्णय फिरतो तो शंभरात २ ते २५ वेळा. बाकी वेळा कंपनी तशीही तिथेच आली असती. राज्याने फक्त तिला बक्षीस दिलं. माझा अनुभव यातल्या खालच्या आकड्याकडे झुकतो.

मग सवलती द्यायच्याच नाहीत का? द्यायच्या. दोन शहरं शेवटच्या फेरीत बरोबरीची ठरली तर सवलत पारडं झुकवते, हे मी पाहिलंय. पण त्यासाठी सवलत कंपनीच्या हिशेबात धरली गेली पाहिजे, आणि इथे आपण मार खातो. फायलीच्या आत काय असतं ते सांगतो, कारण धोरणावर बोलणाऱ्या बहुतेकांनी एकही क्लेम भरलेला नसतो.

भांडवली अनुदानाच्या क्लेमला कामकाज सुरू झाल्याचा दाखला लागतो, सीएचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल लागतं. खुर्चीपासून राउटरपर्यंत. माझ्या एका ग्राहकाने दीडशे लॅपटॉप आपल्या बंगळूरच्या ऑफिसमार्फत घेतले, कारण तिथे त्यांचा वार्षिक दर ठरलेला होता, आणि नंतर इंदूरला पाठवले. बिलावर कर्नाटकाचा जीएसटी नंबर. खात्याने शेरा मारला: खरेदी राज्याबाहेरची. लॅपटॉप इथे, त्यावर काम करणारी माणसं इथे, पण बिल तिकडचं. रक्कम उडाली. दुसऱ्या एका क्लेममध्ये स्थानिकांना नोकरी दिल्याबद्दल मिळणारी रक्कम होती. आम्ही कौतुकाने पुण्याहून परत आलेल्या मुलांची नावं घातली. जन्म इंदूरचा, शाळा इंदूरची, आई-वडील लोकमान्यनगरात, पण आधारवर पत्ता पुण्यातल्या वाकडचा आणि मूळ निवासी प्रमाणपत्र कधी काढलेलंच नाही. यादीतली बारा नावं गळाली. ज्यांना परत आणायला एवढा आटापिटा, तेच हिशेबात परप्रांतीय ठरले! कारकुनाचा दोष नाही. नियमात तसंच लिहिलं होतं.

हे सगळं पार पडून पैसे हाती यायला दोन-अडीच वर्षं गेली तर नवल वाटून घेऊ नये. आणि म्हणून कंपनीचा फायनान्सवाला काय करतो? शहरांची तुलना करणाऱ्या तक्त्यात सवलतीपुढे शून्य लिहितो. “मिळाले तर मिळाले,” म्हणतो. यातली मेख लक्षात घ्या. राज्य शेवटी पैसे देतंच, पण निर्णय होताना ते शून्य धरलेले असतात. म्हणजे तिजोरीतून पैसा गेला आणि त्याने काहीच विकत घेतलं नाही.

यावर मला पटलेला उपाय तमिळनाडूचा आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यांनी जीसीसीसाठी पगारावर अनुदान जाहीर केलं: महिना एक लाखाच्या वर पगार असलेल्या नव्या नोकऱ्यांना पहिल्या वर्षी पगाराच्या ३० टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी १०. एक लाखाची अट बघा. ती फ्रेशरसाठी नाही, बरोबर त्या आठ-दहा वर्षांवाल्या माणसासाठी आहे. कुणीतरी आमच्यासारख्याला विचारून लिहिलेलं दिसतंय. दुसरं म्हणजे पगाराचा पुरावा सरकारकडे आधीच असतो: पीएफचं दर महिन्याचं विवरण (ईसीआर) आणि पगारातून कापलेला टीडीएस. खुर्च्यांची बिलं गोळा करत बसायला नको. मध्य प्रदेशाने दहा प्रकारच्या सवलती ठेवण्यापेक्षा अशी एकच ठेवली आणि ती नव्वद दिवसांत खात्यावर जमा केली, तर फायनान्सवाला ती तक्त्यात पूर्ण रकमेने धरेल. माझा धंदा बसेल, ते वेगळं.

जमिनीबद्दल फार बोलत नाही. आंध्रने एप्रिल २०२५ मध्ये टीसीएसला विशाखापट्टणमला २१.१६ एकर जमीन ९९ पैशांत दिली आणि देशभर बातमी झाली. जाहिरात म्हणून उत्तम. आपल्याकडेही सुपर कॉरिडॉरवर टीसीएसला १०० आणि इन्फोसिसला १३० एकर दिली गेली. पण जीसीसीवाल्यांना जमीन नकोच असते. त्यांना भाड्याची तयार जागा हवी असते. आज पन्नास टेबलं, वर्षाने दीडशे, आणि नाही जमलं तर तीन महिन्यांची सूचना देऊन मोकळं. खंडवा रोडच्या बाजूचा क्रिस्टल आयटी पार्क त्याच गरजेतून भरला. जमिनीवर रोजगाराची अट घातली तरी दहा वर्षांनी ती वसूल कशी करणार? जमीन परत मागितली की कोर्ट.

स्थानिकांना आरक्षणाच्या कायद्याचं भूत अधूनमधून सगळ्याच राज्यांत उठतं. हरियाणाने ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला, पंजाब-हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्द केला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि उद्योगांच्या ओरडीनंतर थांबवलं. स्थानिक घेतला तर चार पैसे जास्त द्या, हे ठीक. नाही घेतला तर शिक्षा, असं म्हटलं की भरतीप्रमुख बाई त्या शहराचं नाव लगेच खोडतात. मग स्थानिकालाही काही मिळत नाही.

आता खरा प्रश्न: ती माणसं परत कशाने येतील? मी हिंजवडी सोडून आलो तेव्हा आणि आजही, परत येणाऱ्यांशी बोलताना पगाराचा विषय तिसरा-चौथा असतो. पहिला प्रश्न हमखास असा: “ही नोकरी नाही जमली तर इंदूरला दुसरी कुठली?” पुण्यात एका कंपनीचं बिनसलं तर माणूस समोरच्या इमारतीत जातो. इथे एकच मोठी कंपनी असेल तर तो अडकतो. म्हणून पाच हजार माणसांच्या एका कंपनीपेक्षा दोनशे-तीनशेच्या वीस कंपन्या शहराला जास्त उपयोगी. एका धन्यावर शहर टांगलं की काय होतं ते इंदूरला शिकवायला नको. हुकुमचंद ही कापड गिरणी १९९१ ला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा पैसा डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना नवऱ्याचे पैसे मिळाले तेव्हा त्यांच्या हातात नातवाचा हात होता.

दुसरा प्रश्न बायकोच्या, किंवा नवऱ्याच्या, नोकरीचा. दोघंही आयटीत असतात, एकाला ऑफर आली तरी दुसऱ्याचं काय? कोइमतूरला गेलेल्या त्या विमा कंपनीने तिथे ऑफर देताना जोडीदाराचा बायोडेटाही मागून घेतला आणि शहरातल्या इतर कंपन्यांना पाठवला, असं मला नंतर कळलं. सरकारचा यावर एक रुपया खर्च होत नाही. फक्त शहरातल्या कंपन्यांच्या एचआरवाल्यांना महिन्यातून एकदा एका खोलीत बसवायचं असतं. तिसरा प्रश्न शाळेचा. परत यायचं ते एप्रिल-मेमध्येच, कारण मुलाचं वर्ष मोडत नाही. म्हणजे ऑफर जानेवारीत हातात हवी. आपल्याकडे कंपन्यांचे उद्घाटन सोहळे मात्र मंत्र्यांच्या तारखेप्रमाणे होतात.

आणि इथल्या जुन्या कंपन्यांना विसरू नका. इम्पेटस, यश टेक्नॉलॉजीज, २००० साली इथेच सुरू होऊन २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरलेली इन्फोबीन्स. सत्तरएक नावांची जी यादी निघाली ती याच लोकांनी पंधरा-वीस वर्षं फ्रेशर घडवून तयार केलेली. नवी परदेशी कंपनी आली की पहिला हात यांच्या माणसांवर मारते, दीडपट पगार देऊन. मग शहरात नोकरी वाढली का? नाही, खुर्ची बदलली. इथल्या एका मालकाने मला चहावर सुनावलं होतं, “शेत आम्ही नांगरायचं आणि सवलत कापणाऱ्याला!” त्याच्या रागात तथ्य आहे. पगार-अनुदान द्यायचंच असेल तर बाहेरून शहरात परत आणलेल्या प्रत्येक माणसामागे द्या, मग त्याला नोकरी जुन्या कंपनीने दिलेली असो की नव्या.

इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीकडेही जरा बघा. धार जिल्हा मागास, म्हणून सवलती मिळाल्या आणि गाड्यांचे कारखाने आले. आयशरचे ट्रक आजही तिथे बनतात. जे टिकले त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचं जाळं तयार झालं होतं, सवलत संपली तरी जाळं मोडून जाता येईना. सॉफ्टवेअरमध्ये सुटे भाग म्हणजे माणसं, बाकी तेच.

आता तुमच्या कॉलेजबद्दल. मुलं चांगली तयार करू नका असं मी कुठे म्हणतोय? पण ‘चांगली’ म्हणजे प्लेसमेंटच्या परीक्षेत पास होणारी, असं झालंय. आठव्या सेमिस्टरला मुलगा पूर्ण सहा महिने इथल्या कंपनीत बसला, खऱ्या कोडमध्ये हात घातला, तर त्याला इंदूरला राहून काम करता येतं हे निदान दिसतं. राज्याची २०२३ ची सीखो-कमाओ योजना आहे, काम शिकताना पदवीधराला दहा हजार महिना, त्यात ७५ टक्के सरकारचे. ती बहुतेक कारखाने आणि दुकानांकडे गेली असं माझं निरीक्षण. आयटीवाल्यांनी तिच्याकडे नीट बघितलेलंच नाही. तुमच्या विभागातून दोन शिक्षक उन्हाळ्यात कंपनीत बसवता आले तर त्याहून बरं. विद्यार्थी चार वर्षांत जातो, शिक्षक राहतो.

आणि एक काम फक्त तुम्हीच करू शकता. आयटीचे मंत्री, आम्ही सल्लागार, पोर्टलवाले, कुणालाच ते जमणार नाही. २०१० ते २०१८ मध्ये तुमच्याकडून बाहेर पडलेल्यांची यादी करा. नाव, सध्याचं शहर, काम काय करतो, जोडीदार काय करतो. रजिस्टरवर आणि व्हॉट्सअॅप गटांवर मिळून पाऊण यादी तर एका सुट्टीत होईल. विद्यार्थ्यांना लावा कामाला, त्यांनाही कळेल आपले सीनियर कुठे आहेत. त्यात एक रकाना जादा ठेवा: आई-वडील इंदूरला आहेत का, आणि घर स्वतःचं आहे का. तिलकनगरात, सुदामानगरात दर चौथ्या घराचा वरचा मजला मुलासाठी बांधून कुलूप लावून ठेवलेला आहे. दिवाळीत चार दिवस उघडतो. पुढच्या महिन्यात एक कंपनी परत येतेय, या वेळी बँकिंगमधली. यादी तोवर अर्धी झाली तरी चालेल, पाठवून द्या. नावं आणि फोन मात्र त्या-त्या मुलाला विचारूनच द्या.